एररला कंठ फुटू नये म्हणून

डेटाबेसशी बोलणारा कोड तुमच्या गळ्यात पडलाय? अभिनंदन. ज्याचा कोड ओरडतो त्याला रात्री फोन येतो. ज्याचा कोड गप्प बसतो त्याला बढती मिळते आणि फोन त्याच्या जागी आलेल्याला येतो. मागच्या महिनाअखेरीस तो मला आला, त्यामुळे ही विद्या अगदी ताजी आहे. घ्या.

जँगोत (वेबसाइट बांधायची पायथनमधली चौकट) एकच रेकॉर्ड हवं असेल तर 'गेट' मुळीच वापरू नका. भारी तोंडाळ आहे ते. रेकॉर्ड नसलं तरी बोंबलतं, दोन सापडली तरी बोंबलतं. त्यापेक्षा 'फिल्टर' लावून 'फर्स्ट' घ्या. एकाच मोबाइल नंबरवर दोन खाती निघाली तर पहिलं गुपचूप हातात येतं. रिफंड कुणाला तरी मिळाला ना, मग झालं तर.

'सेव्ह'मध्ये कुणी तपासण्या लिहून ठेवल्या असतील तर क्वेरीसेटवर (निवडलेल्या रेकॉर्डच्या संचावर) थेट 'अपडेट' मारा. सेव्ह चालत नाही, बदलाची वर्दी देणारे सिग्नल सुटत नाहीत, शेवटच्या बदलाची 'ऑटो नाऊ' तारीखसुद्धा जुनीच राहते. ऑडिटवाले येतील तेव्हा येतील.

पीएचपीवाल्यांना आपण काय शिकवणार! पीडीओ, म्हणजे पीएचपीची डेटाबेसशी बोलायची सोय, 2005 मध्ये पीएचपी 5.1 बरोबर आलं आणि 2020 च्या 8.0 पर्यंत त्याचा डीफॉल्ट एरर मोडच 'सायलेंट' होता.

प्रिझ्मा या जावास्क्रिप्टच्या डेटाबेस लायब्ररीत 'डिलीटमेनी'ला (एकदम अनेक ओळी पुसणाऱ्याला) आयडी 'अनडिफाइन्ड', म्हणजे रिकामा, जाऊ द्या. डीफॉल्ट सेटिंगला ती अटच गळून पडते आणि टेबल लख्ख होतं.

आता गो ही भाषा. इथे जरा बैठक मारा, कारण माझा अख्खा शनिवार इथेच गेला.

ओळी वाचायला 'क्वेरी', बदल करायला 'एक्झेक', असं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, म्हणजे ते वाचायचं कारण नाही. अपडेटही 'क्वेरी'नेच चालवा आणि परत मिळालेलं सगळं अंडरस्कोरमध्ये, म्हणजे गोच्या कचरापेटीत, टाकून मोकळे व्हा. त्याला 'क्लोज' कोण करणार? कुणीच नाही. त्याने धरलेलं कनेक्शन पूलमध्ये (कनेक्शनांच्या सामायिक साठ्यात) परत येत नाही. मर्यादा दहाची ठेवली असेल तर अशा दहा अपडेटनंतर पुढची रिक्वेस्ट नुसती ताटकळत बसते, ना एरर, ना लॉग. मर्यादा ठेवलीच नसेल (डीफॉल्टला नसतेच) तर पोस्टग्रेस डेटाबेसची डीफॉल्ट 100 कनेक्शनं संपेपर्यंत सगळं आलबेल. संपली की डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) आहेच शिव्या खायला.

आणि लूप! पुढची ओळ आणणारं 'नेक्स्ट' दोन कारणांनी 'फॉल्स' देतं: ओळी संपल्या म्हणून, किंवा वाटेत काही बिघडलं म्हणून, जसं की कनेक्शन तुटलं. यातलं खरं कारण लूप संपल्यावर 'एर'ला विचारलं तरच कळतं. म्हणून विचारायचं नाही. मग महिन्याचा रिपोर्ट कसा झोकात निघतो बघा. हेडिंग जागेवर, एक्सेल देखणं, खालची बेरीजही बिनचूक, म्हणजे जेवढ्या ओळी आल्या तेवढ्यांची. बाकीची बिलं गायब. अकाउंट्सच्या मॅडमनी कॅल्क्युलेटर घेऊन पडताळलं नसतं तर तो तसाच क्लायंटकडे गेला असता. आम्ही आधी नेटवर्कवाल्यांना धरलं, मग डीबीएला, मग टाइमझोनला. टाइमझोनला! आणि नव्हतं काय, तर लूपखाली तीन ओळी. टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण त्या मॉकवर (खोट्या डेटाबेसवर) चालतात आणि मॉकचं कनेक्शन कधी तुटत नाही. रिव्ह्यूमध्ये दोघांनी अंगठा दाखवलेला. काय वाचलं होतं त्यांनी? फाइलचं नाव?

बास झालं. लायब्ररी तुम्हाला सांगत असते, तुम्ही कान बंद करून बसता. अपडेटच्या अटीत एकही ओळ बसली नाही तर एरर येत नाही, कधीच येणार नाही. किती ओळी बदलल्या तो आकडा 'एक्झेक'च्या रिझल्टमध्ये असतो. तो बघा, शून्य असेल तर का ते शोधा. एकच रेकॉर्ड अपेक्षित असेल तर एकच मागा आणि दोन निघाली तर कोड कोसळू द्या. रोएररचेक आणि एसक्यूएलक्लोजचेक हे गोचे लिंटर (कोडमधल्या चुका आपोआप पकडणारे) फुकट मिळतात, सीआयमध्ये (कोडच्या आपोआप तपासणीत) टाकायला कितीसा वेळ लागतो? तेवढाही नसेल तर डेटाबेसला हात लावू नका, दुसरं काम मागून घ्या. आणि अंडरस्कोरमध्ये एरर फेकलेली पुल रिक्वेस्ट (कोड सामील करायची विनंती) माझ्याकडे आली तर मी ती मर्ज करणार नाही. रिलीज अडला तर अडू दे, मॅनेजरला माझं नाव सांगा.