ती सतार नव्हेच!

लेखात ‘द किंक्स’ या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘सी माय फ्रेंड्स’ गाण्यात सतार वाजते असं म्हटलंय. ती गिटारच आहे. ॲम्प्लिफायरजवळ धरली की स्पीकरचा आवाज तारांना पुन्हा कंप देतो आणि सूर तुटत नाही, तंबोऱ्यासारखा मागे घुमत राहतो. चालीचं बीज मात्र आपल्याकडचं. १९६५च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत मुक्काम पडला, तिथे पहाटे कामावर निघालेल्या कोळ्यांचं गाणं बँडचा गायक-गीतकार रे डेव्हिसने ऐकलं. ‘सी माय फ्रेंड्स’ जुलैत आलं, बीटल्सचं खरोखर सतार असलेलं ‘नॉर्वेजियन वुड’ त्यानंतर, डिसेंबरात.

त्यांच्याच ‘यू रिअली गॉट मी’मधल्या (१९६४) गिटारचा खरखरीत आवाजही कुठल्या यंत्राचा नाही. रेचा भाऊ, गिटारवादक डेव्ह डेव्हिसने छोट्या एल्पिको ॲम्पच्या स्पीकरचा कागदी कोन ब्लेडने चिरला आणि तो ॲम्प व्हॉक्स एसी३० या मोठ्या ॲम्पला जोडला. फाटका कागद फडफडतो, मोठा ॲम्प ती फडफड वाढवतो. बँडची आधीची दोन गाणी पडली होती, हे चाललं नसतं तर संपलंच होतं. (गाण्यातला गिटार सोलो पुढे ‘लेड झेपेलिन’मुळे गाजलेल्या जिमी पेजचा, ही निव्वळ अफवा. तोही डेव्हचाच.)

अमेरिकेत ते मागे का पडले, हे लेखात हवं होतं. तिथल्या वादक संघटनेने १९६५ ते १९६९ परवानेच दिले नाहीत. ऐन बहरातली चार वर्षं दौऱ्याविना गेली.