एकोणीस वर्षांचं वय सोडाच, तिचा बचाव बघा!

तुमच्या लेखात जर्मन हॉकीपटू नीके लोरेन्त्सच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल वाचलं, बरं वाटलं. (स्पेलिंग बुटांच्या कंपनीचंच, पण जर्मन उच्चार नीके.) १९९७ साली बर्लिनमध्ये जन्मलेली ही पोरगी २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेऊन आली तेव्हा जेमतेम एकोणीसची होती. तिथे न्यूझीलंडला २-१ ने हरवलं होतं. आपल्या मुलीही ३६ वर्षांनी त्याच स्पर्धेत उतरल्या होत्या आणि शेवटून पहिल्या आल्या, ते दुखणं वेगळं.

लेखात एक गोष्ट राहिली. जर्मनीत हिवाळ्यात मैदान सोडून हॉलमध्ये हॉकी खेळतात. तिथे हिट मारायला बंदी, बॉल फक्त ढकलायचा, कडेला लाकडी फळ्या. एवढ्याशा जागेत स्टिक जमिनीलगत ठेवून उभं राहायची सवय लागली की मोठ्या मैदानावर बचाव करताना पाय डगमगत नाहीत. आम्ही शाळेत मुरुमावर खेळायचो, बॉल कुठे उसळेल याचा नेम नसायचा, त्यामुळे हे बघून जरा जळफळाटच होतो!

पुढे टोकियोत ती कॅप्टन होती, समलिंगींच्या हक्कांना पाठिंबा म्हणून इंद्रधनुषी पट्टा बांधून. आणि २०२४ च्या जानेवारीत रांचीत याच जर्मन टीमने आपल्याला बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये (एकेक खेळाडू एकट्या गोलकीपरसमोर) हरवलं. त्या रात्री मी जेवलो नव्हतो.