‘डायऑक्साइड’ खोडून ‘मोनॉक्साइड’ लिहिलं की समीकरण संतुलित होत नाही

दहावीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रंगीत चित्र फिरतं आहे: ‘अपूर्ण ज्वलन, १० सेकंदांत’ (अपूर्ण ज्वलन म्हणजे हवा कमी पडल्यामुळे इंधन पुरतं न जळणं). माझ्या शिकवणीतल्या बऱ्याच मुलांनी ते वहीत उतरवून घेतलंय. त्यात पाच दावे आहेत. कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड लिहा, बाकी काही बदलू नका. ऑक्सिजन अर्धा झाला की मोनॉक्साइड होतो. प्रत्येक इंधनाचं अपूर्ण ज्वलनाचं समीकरण एकच असतं. अपूर्णांक आला तर उत्तर चूक. काजळी दिसली नाही तर ज्वलन पूर्ण. पाचही दावे चुकीचे आहेत, आणि शेवटचा तर जिवावर बेतणारा आहे.

‘बाकी काही बदलू नका.’ प्रोपेन घेऊ. घरच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनसोबत तोही असतो. त्याच्या रेणूत ३ कार्बन आणि ८ हायड्रोजन. पूर्ण ज्वलन असं (आकडे रेणूंचे):

प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

युक्ती लावल्यावर:

प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन मोनॉक्साइड + ४ पाणी

कार्बन दोन्हीकडे ३, हायड्रोजन दोन्हीकडे ८. मुलं इथेच पेन खाली ठेवतात. आता ऑक्सिजनचे अणू मोजा. ऑक्सिजनच्या एका रेणूत २ अणू, म्हणून डावीकडे १०; उजवीकडे ३ आणि ४ मिळून ७. मग ३ अणू गेले कुठे? ते मुळात आलेच नव्हते. हवा कमी पडली म्हणूनच तर मोनॉक्साइड झाला! ऑक्सिजनचा आकडा तोच ठेवला, तर ज्वलन ज्या कारणाने अपूर्ण राहिलं ते कारणच आपण पुसून टाकतो. ७ अणू म्हणजे साडेतीन रेणू. सगळं दुप्पट केलं की:

२ प्रोपेन + ७ ऑक्सिजन → ६ कार्बन मोनॉक्साइड + ८ पाणी

अपूर्णांकाचं इथेच सांगून टाकतो. अर्धा रेणू नसतो हे खरं, पण समीकरणातले आकडे मोलसुद्धा सांगतात (मोल म्हणजे रेणूंचा एक ठरलेला, प्रचंड मोठा गठ्ठा), आणि साडेतीन मोल ऑक्सिजन असू शकतो. परीक्षेत पूर्णांक लिहावेत, एवढंच.

‘ऑक्सिजन अर्धा.’ मिथेनला (रेणूत १ कार्बन, ४ हायड्रोजन) पूर्ण ज्वलनासाठी २ रेणू ऑक्सिजन लागतो. अर्धा म्हणजे १. हायड्रोजनचं सगळं पाणी झालं असं धरलं, तर तो एक रेणू पाण्यातच संपतो आणि कार्बनची काजळी उरते. मोनॉक्साइडसाठी दीड रेणू हवा, म्हणजे पाऊणपट. प्रोपेनसाठी ५ पैकी साडेतीन, म्हणजे ७० टक्के. प्रत्येक इंधनाचा हिशेब वेगळा.

‘समीकरण एकच.’ या दाव्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो मुलांना विचारच करू देत नाही. प्रोपेनला ४ रेणू ऑक्सिजन मिळाला असं समजा:

प्रोपेन + ४ ऑक्सिजन → २ कार्बन मोनॉक्साइड + १ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

प्रोपेन + ४ ऑक्सिजन → १ कार्बन + २ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

दोन्ही मोजून बघा, दोन्ही संतुलित आहेत. इंधन तेच, ऑक्सिजन तेवढाच, तरी उत्तरं दोन; आणि या दोघांची कुठल्याही प्रमाणातली सरमिसळही चालते. यातलं खरोखर काय घडलं हे अणूंची मोजदाद सांगू शकत नाही. ते ज्योतीचं तापमान आणि हवा-वायू किती नीट मिसळले यावर ठरतं. म्हणून ‘प्रोपेनच्या अपूर्ण ज्वलनाचं समीकरण लिहा’ हा प्रश्न अर्धवट आहे, आणि तो दोष मुलांचा नाही, प्रश्न काढणाऱ्याचा आहे. ‘४ रेणू ऑक्सिजन, काजळी नाही’ असं सांगितलं की उत्तर एकच येतं: ८ अणूंपैकी ४ पाण्यात गेले, उरले ४. तीन कार्बनना एकेक दिला की १ शिल्लक राहतो, आणि तो एकाच मोनॉक्साइडचा डायऑक्साइड करतो.

आता काजळी. प्रयोगशाळेत बुन्सेन बर्नरचं हवेचं छिद्र बंद करून ज्योतीवर चिनी मातीची बशी धरली, की पिवळ्या ज्योतीने ती बघता बघता काळी होते. काजळी दिसली तर ज्वलन अपूर्ण, हे बरोबर. पण काजळी नाही म्हणून मोनॉक्साइड नाही, हे साफ चूक. वरचं ७ ऑक्सिजनचं समीकरण पुन्हा बघा: त्यात काजळीचा कणही नाही, कार्बन मात्र सगळाच्या सगळा मोनॉक्साइडमध्ये आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा वास येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा, आणि ज्योतीत तोही जळून जातो. रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

बंद बाथरूममधला गॅस गिझर हे याचं घरातलं उदाहरण. पेटवला तेव्हा ५ ऑक्सिजनचं समीकरण चालू असतं. दार-खिडकी बंद, हवा तीच तीच; हळूहळू तोच बर्नर साडेतीनच्या दिशेने सरकतो. भिंतीवर डाग पडत नाही, वास येत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, आणि आत असलेल्याला वाटतं, वाफेमुळे होतंय. चित्र पुढे पाठवायचंच असेल, तर निदान त्यातली काजळीची शेवटची ओळ कापून पाठवा.