गंजगोलाईचे पंधरा रस्ते

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात. आमचे आण्णा पंधराच वापरायचे. सोळाव्यावरच्या किराणावाल्यानं निवडणुकीत नको त्या पार्टीचा झेंडा लावला होता. सात वर्षं त्याच्याकडची काडेपेटीसुद्धा घरात आली नाही.

हा बाणा एक पिढी सोडून भाच्यात उतरला. 2014 च्या मार्चअखेरीस कॉलेजातून आला आणि पायताण न काढताच म्हणाला, "मामा, अजून फायरफॉक्स वापरायलाव?"

झालं होतं असं, की फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानं ब्रेंडन आइक यांना सीईओ केलं. आइकसाहेबांनी 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या समलिंगी विवाहबंदीच्या ठरावाला हजार डॉलर देणगी दिली होती. ओकेक्युपिड नावाच्या जोड्या जुळवणाऱ्या साइटनं तर फायरफॉक्सवाल्यांना दारातच अडवून दुसरा ब्राउझर घ्या म्हणून सांगितलं. भाच्यानं माझा काढलाच.

गप बसावं ना! पण मी कुठंतरी वाचलेलं बोलून गेलो, "अरे, वेबसाइटवरची बटणं, याद्या चालवणारी ती जावास्क्रिप्ट भाषा पण त्यांनीच केलीय. 1995 मध्ये, दहा दिवसांत." (म्हणजे ओकेक्युपिडची ती साइटसुद्धा त्यांच्याच मीठ-मिरचीवर शिजत होती.) पोरगं क्षणभर थांबलं. मग नव्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन म्हणालं, "मग ती पण बंद!"

दुसऱ्या दिवशी पोरीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसलो. शेवटची तारीख. जिल्हा लातूर निवडला, तर तालुक्याची यादी उघडेचना. औसा नाही, निलंगा नाही, उदगीर नाही. बटणं दाबली तर दगडावर टिचकी मारल्यागत. पोरगी रडकुंडीला आली. कॅलिफोर्नियातल्या ठरावापायी आमचा तालुकाच नकाशावरून गेला, हे तिला कसं सांगावं?

3 एप्रिलला आइकसाहेबांनी राजीनामा दिला. जाहीर नेमणुकीपासून अकरा दिवस झाले नव्हते. एवढ्यात आमच्याकडं सरपंचावरचा अविश्वास ठराव टाइपसुद्धा होत नाही. मग पलीकडची मंडळी पेटली, आइकसाहेबांना घालवलं म्हणून फायरफॉक्सवर बहिष्कार! भाचा कपाळाला हात लावून बसला.

पोरीचा फॉर्म मात्र शेवटच्या तारखेलाच गेला होता. भाचा आंघोळीला शिरला तसं मी सेटिंग उघडून हळूच जावास्क्रिप्ट चालू केली. मला तेव्हा आण्णा आठवले. एकदा रात्री नऊला व्याही टपकले, घरात साखर नाही, सगळी दुकानं बंद, उघडं एकच. आण्णांनी मला पैसे दिले आणि कानात म्हणाले, "पिशवी उलटी करून आण. दुकानाचं नाव आत जाऊ दे."