किलर व्हेलच्या 'बदल्या'चा तो फॉरवर्ड, एकेक वाक्य घेऊन

तो मेसेज परत फिरायला लागलाय. स्पेनजवळ ग्लॅडिस नावाच्या गरोदर किलर व्हेलला एका यॉटने धडक दिली, मग तिने सूड घ्यायचं ठरवलं, अख्ख्या टोळीला बोटी बुडवायचं ट्रेनिंग दिलं, आणि आता इतिहासात प्रथमच जगभरचे किलर व्हेल श्रीमंतांच्या यॉट हेरून माणसं मारतायत, निसर्ग हिशोब चुकता करतोय वगैरे वगैरे. सेलिंगवाल्यांच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकला आणि खाली दणादण टाळ्या. तिथे तरी कुणीतरी थांबून विचारायला हवं होतं ना!

यातलं खरं तेवढं आधी सांगतो, कारण पूर्ण खोटं असतं तर सोपं होतं. मे 2020 पासून जिब्राल्टरची सामुद्रधुनी, पोर्तुगालचा किनारा आणि वर स्पेनच्या वायव्य टोकाला गॅलिसियापर्यंतच्या पट्ट्यात ऑर्का (म्हणजेच किलर व्हेल) शिडाच्या बोटींमागून येतात आणि सुकाणूला ढुशा देतात. शेकडो बोटींना हा अनुभव आलाय. बहुतेक बोटी नुसत्या हलतात, काहींचं सुकाणू तुटतं, आणि मोजक्या बुडाल्यासुद्धा, जसं की 4 मे 2023 ला दक्षिण स्पेनमधल्या बार्बातेजवळ शॅम्पेन नावाची बोट आणि 12 मे 2024 ला मोरोक्कोच्या बाजूला अल्बोरान कोन्याक. हे झालंय, नाकारण्यात अर्थ नाही.

आता "बदला". धडक दिलेली कुणी पाहिली? कुणीच नाही. 2023 मध्ये तिथल्या एका अभ्यासकाने दोन शक्यता बोलून दाखवल्या होत्या, एक म्हणजे प्राण्यांना नवीन खेळ सापडलाय, दुसरी म्हणजे एखाद्या मादीला बोटीचा वाईट अनुभव आला असावा. जगभरच्या हेडलाइनवाल्यांनी दुसरी तेवढी उचलली, पहिली सोडून दिली, आणि आपल्याकडे येईपर्यंत "असावा" गळून "आला" झालं. 2024 मध्ये इंटरनॅशनल व्हेलिंग कमिशनच्या (व्हेलच्या शिकारीवर आणि संवर्धनावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) तज्ज्ञांचा रिपोर्ट आला, त्यांचा कल खेळाकडे, फॅडकडे आहे. ब्लूफिन ट्यूना हे या ऑर्कांचं मुख्य खाणं, तो मासा मधल्या काळात खूप कमी झाला होता तो परत वाढलाय, म्हणजे पोट भरायला कमी धावपळ आणि टवाळक्या करायला जास्त वेळ, असाही त्यांचा अंदाज. फॅड म्हटल्यावर हसू नका. 1987 मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ऑर्कांमध्ये मेलेला सामन मासा डोक्यावर टोपीसारखा घेऊन फिरायची टूम निघाली होती, एका मादीपासून सुरू होऊन दुसऱ्या टोळ्यांमध्ये पसरली आणि काही आठवड्यांत बंदही पडली.

"टोळीला ट्रेनिंग दिलं" हे तर त्याहून मजेशीर. एक तर ग्लॅडिस हे एकटीचं नाव नाही, बोटींशी खेळणाऱ्या सगळ्यांनाच अभ्यासकांनी ते नाव दिलंय, मेसेजमधली ती ग्लॅडिस ब्लांका. आणि 2023 पर्यंत ओळखलेले असे प्राणी साधारण 15, त्यातही बहुतेक वयात न आलेली पोरंसोरं. ऑर्का एकमेकांचं बघून शिकतात हे अगदी खरं आहे, पण बघून शिकणं वेगळं आणि सेनापतीने कवायत घेणं वेगळं.

"श्रीमंतांच्या यॉट". अरे, बोटींची यादी तरी बघा! बहुतेक 15 मीटरपेक्षा लहान, पाच-सहा नॉटने (तासाला साधारण दहा किलोमीटर) चाललेल्या साध्या क्रूझिंग बोटी, अनेकदा रिटायर झालेलं जोडपं घरदार विकून त्यावरच राहत असतं. अब्जाधीशांच्या सुपरयॉट बाजूने आरामात जातात. शिडाच्या बोटीचं सुकाणू खाली पाण्यात मोठ्या पात्यासारखं लोंबतं, ढकललं की वळतं आणि वर माणूस चाक धरून उलटा जोर लावत असतो, म्हणजे खेळणारं खेळणं मिळालं! ते तुटलं की बऱ्याचदा त्यांचा इंटरेस्ट संपतो आणि निघून जातात. सूड उगवणारा असा अर्ध्यावर सोडून जाईल का?

"माणसं मारतायत" हे सरळ खोटं आहे. या सगळ्या प्रकारात ऑर्काने एकाही माणसाला मारलेलं नाही. बुडालेल्या बोटींवरचे लोक रबरी तराफ्यात उतरले, म्हणजे अगदी हातातोंडाशी आले, तरी कुणाला हात... बरं, कुणाला दात लागला नाही. 1972 मध्ये गॅलापागोसच्या पश्चिमेला रॉबर्टसन कुटुंबाची लुसेट ही लाकडी बोट ऑर्कांनी फोडून बुडवली होती (म्हणजे मेसेजमधलं "इतिहासात प्रथमच" पण गेलं), सहाही जण तराफा आणि छोट्या होडीत 38 दिवस काढून वाचले. जंगली ऑर्काने माणूस मारल्याची नोंदच नाही. 1972 मध्येच कॅलिफोर्नियात एका सर्फरला चावा बसला होता, टाके पडले, वाचला. माणसं मेलीयेत ती टँकमध्ये कोंडलेल्या ऑर्कांकडून.

"जगभर" बद्दल दोनच ओळी. जून 2023 ला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांजवळ एका बोटीला अशीच धडक बसली होती, पण एवढ्यावरून जगभर होत नाही. एका ओळखीच्यांनी तर मालवणची डॉल्फिन सफारी कॅन्सल करू का म्हणून विचारलं. जा हो बिनधास्त, तिथे हंपबॅक डॉल्फिन दिसतात, ऑर्का भारताच्या किनाऱ्याला क्वचित कधीतरी दिसतात आणि त्यांनी बोटींना त्रास दिल्याचं ऐकिवात नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. हे आयबेरियन (स्पेन-पोर्तुगालकडचे) ऑर्का उरलेत चाळीसच्या आसपास, 2019 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये एका बोटीवरून त्यांच्या दिशेने गोळ्या झाडल्याचा व्हिडिओ आला होता, फटाके फेकणारेही आहेत, आणि "शत्रू"ची गोष्ट जितकी फिरेल तितकं अशा लोकांना बळ मिळतं. ज्यांना खरंच त्या पट्ट्यातून बोट न्यायची आहे त्यांच्यासाठी स्पेन सरकारचा सल्ला साधा आहे: मे ते ऑगस्टमध्ये सुरक्षित वाटेल तितकं किनाऱ्यालगत राहा, ऑर्का आले तर बोट थांबवू नका (आधी थांबा म्हणायचे, आता बदललंय), उथळ पाण्याकडे निघा आणि डेकच्या कडेला उभं राहून शूटिंग करत बसू नका. चाकाला गच्च धरूनही बसू नका, खालून ढुशी बसली की ते असं गरकन फिरतं की मनगटाचं काही खरं नाही.