शंभरातले त्र्याण्णव

रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. विषय एकच: गच्चीवरच्या मोबाईल टॉवरचा करार वाढवायचा की टॉवर काढायला लावायचा. बोलाबोली वाढली तशी कुणीतरी ग्रुपवर आलेला मेसेज मोठ्यानं वाचला, 'मायक्रोवेव्ह रेडिएशनवरच्या १०० पैकी ९३ संशोधनांत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आढळला.' सगळे गप्प झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू माझ्याकडे बघत होत्या. मी बायोकेमिस्ट्री शिकवते हे त्यांना माहीत आहे, आणि त्यांचे यजमान मेंदूच्या गाठीनं गेले हे मला माहीत आहे. त्या क्षणी मला काही बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मायक्रोवेव्ह म्हणजे मोबाईलच्याही लहरी, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे प्राणवायूच्या वापरातून पेशीवर येणारा ताण. मेसेजमधला तो आकडा कुणी मनानं रचलेला नाही. २०१६ साली छापून आलेल्या एका आढावा लेखात तो आहे. पण या विषयावरचे कितीतरी प्रयोग कसे होतात ते मी आतून पाहिलंय. एम.एस्सी.ला असताना तसलाच एक प्रयोग मी स्वतः केलाय.

बारा पांढरे उंदीर, सहा-सहाचे दोन गट. एका गटाच्या पिंजऱ्यात चालू मोबाईल ठेवायचा आणि रोज तासभर त्यावर मिस्ड कॉल द्यायचे. महिन्याभरानं उंदीर मारून मेंदू काढायचा, बर्फावर वाटायचा, थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून नळ्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. चरबीचं ऑक्सिडीकरण ही या ताणाची खूण; ते जितकं जास्त, तितका गुलाबी रंग गडद. ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंगाचं रीडिंग घ्यायचं. मोबाईलवाल्या गटाचा रंग गडद आला. आम्ही सगळे खूश झालो. माझ्या प्रबंधात 'मोबाईलच्या लहरींमुळे' असं ठाम वाक्य आहे.

ते वाक्य लिहायचा मला अधिकार नव्हता. उंदीर दिवसा झोपतात, आणि आम्ही दिवसा त्यांच्या अंगाशी फोन थरथरवत होतो. फोन वाजत होता, उजळत होता, गरम होत होता. दुसरा गट शांत खोलीत निवांत पडून होता. फोनमधून किती ऊर्जा बाहेर पडते आणि त्यातली उंदराच्या मेंदूत किती मुरते, हे मोजायला आमच्याकडे काहीच नव्हतं. कुठली नळी कुठल्या गटाची हे मला पाठ होतं, आणि रीडिंग घेणारीही मीच.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काही अघटित नाही. पेशी प्राणवायू वापरते तेव्हा त्यातला थोडा सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशा चटकन कुणालाही चिकटणाऱ्या रूपांत सांडतो. तो आवरायला पेशीकडे एस.ओ.डी. आणि कॅटालेज ही एन्झाइम्स, ग्लुटाथायोन हा रेणू अशी व्यवस्था असते. सांडणं वाढलं आणि आवरणं कमी पडलं की ताण. तो जागरणानं वाढतो, तापानं वाढतो, भीतीनं वाढतो. अंगात ताप आहे एवढं थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉईड ते सांगत नाही. माझ्या गुलाबी नळ्याही तेवढंच सांगत होत्या.

मायक्रोवेव्ह लहरी शरीराला काही करतच नाहीत असं नाही. पुरेशा तीव्र असल्या की त्या ऊतींना तापवतात. डोळ्याच्या भिंगात उष्णता वाहून न्यायला रक्तवाहिन्या नसतात, वृषणाला मुळात थंड राहावं लागतं, म्हणून त्या जागा आधी दुखावतात. बहुतेक सुरक्षा-नियम या उष्णतेच्या हिशेबावर उभे आहेत. ओव्हनमधल्या २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरीच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे तिच्या ऊर्जेच्या सर्वात छोट्या पुडीत, इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (अणू-रेणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) साधारण एक लक्षांश ऊर्जा असते. रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला तिच्या सुमारे दहा लाख पट लागते. म्हणून इलेक्ट्रॉन उडवू शकणाऱ्या एक्स-रेची भीती जशीच्या तशी इथे लावता येत नाही.

मग उष्णतेखेरीज काहीच होत नसेल? तसंही मी म्हणणार नाही. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठात रॉबिन पक्ष्यांना स्थलांतराची दिशा सापडेना. लाकडी खोल्यांना अॅल्युमिनियमचं कवच घालून ते जमिनीशी जोडल्यावर, म्हणजे अर्थिंग दिल्यावर, सापडायला लागली. जोडणी काढली की पुन्हा भरकटले. शहरातल्या विजेच्या उपकरणांचा आणि रेडिओच्या मध्यम लहरींच्या पट्ट्यातला अगदी क्षीण विद्युतचुंबकीय गोंगाट पृथ्वीचं चुंबकत्व ओळखणारं त्यांचं अंगचं होकायंत्र बिघडवत होता. मोबाईलच्या लहरी तिथे दोषी नव्हत्या. पण निरीक्षकाला कवच जोडलंय की नाही हे कळू न देता हे वर्षानुवर्षं तपासलं, आणि २०१४ साली 'नेचर'मध्ये छापलं. मला असे प्रयोग हवेत.

२०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमानं उंदरांना दोन वर्षं, रोज नऊ तास, संपूर्ण शरीराला मोबाईलच्या लहरी दिल्या. काही नरांच्या हृदयात गाठी आढळल्या, आणि तरी लहरी दिलेले नर एकंदरीत लहरी न दिलेल्या नरांपेक्षा जास्त जगले. त्यातली सर्वात मोठी मात्रा सामान्य माणसाच्या संपूर्ण शरीरासाठी घातलेल्या मर्यादेच्या ७५ पट होती. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ शोधनिबंध तपासून मोबाईल आणि मेंदूच्या गाठीचा संबंध दिसला नाही. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या आढाव्यात मात्र पुराव्याची खात्री 'फारच कमी' निघाली.

माझा राग इथे आहे. इतकी वर्षं, इतके जीव, आणि हाती 'कळत नाही'. कारण त्या ढिगात माझ्यासारख्यांनी केलेले प्रयोग भरलेत. त्र्याण्णव मोजून काय होणार? एकेक उघडून बघावा लागतो: मात्रा मोजली का, तापमान मोजलं का, नळी कुणाची हे झाकलं होतं का. ते बारा उंदीर मी उगाच मारले, आणि ते मला सलतं.

आता टॉवर. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा एक दशांशावर आणली, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ४.५ वॉटवरून ०.४५ वॉट. अँटेना क्षितिजाकडे तोंड करून असतो, त्यामुळे झोत बहुतांशी समोर जातो, थेट खालच्या घरात कमी येतो. शिवाय टॉवर लांब गेला की हातातला फोनच जोर वाढवतो, आणि तो कानाला लागलेला असतो. हे सभेत कुणीच बोललं नाही.

काकूंनी फोनला लावायची 'रेडिएशन शोषणारी' चिप घेतलीय, घरातल्या प्रत्येक फोनसाठी एक. ती खरंच लहरी अडवत असती तर फोनला आणखी जोर लावावा लागला असता. पण माझ्या प्रबंधासारखे कागद दाखवूनच अशा चिप विकल्या जातात, तेव्हा काकूंना काय बोलू?

सभेनंतर जिन्यात त्यांनी विचारलं, "मग ह्यांना कशानं झालं गं?" मी म्हटलं, "काकू, मला माहीत नाही." त्या थोडा वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

'तरंग संचार' पोर्टलवर ४,००० रुपये भरले की दूरसंचार खात्याचे लोक येऊन मोजमाप करतात. मी अर्ज भरतेय. काकू म्हणाल्या, पहिलं माप त्यांच्या बेडरूममध्ये घ्यायचं, आणि आकडा त्यांच्यासमोर वहीत लिहायचा.