खाली म्हणजे कुठे?

नेरुळच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण चाललंय: आयएसएलमधल्या, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतल्या, तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये ढकलावं की नाही? 2014 पासून पहिली दहा वर्षं तर कोणी खाली गेलंच नाही. ‘मालकांनी एवढा पैसा ओतलाय, घसरले तर गाशा गुंडाळतील,’ हे एका गटाचं पालुपद.

मी राहतो बिलेफेल्डला. हे शहर मुळात अस्तित्वातच नाही, अशी जर्मनांची जुनी थट्टा आहे. इथला आर्मिनिया क्लब 2022 मध्ये पहिल्या लीगमधून घसरला, 2023 मध्ये दुसरीतूनही. गाशा कोणी गुंडाळला नाही. तिसऱ्या लीगमध्येही उभ्याने बघायचा स्टँड गच्च. 2025 मध्ये याच संघाने जर्मन कपच्या सेमीफायनलला पहिल्या लीगमधल्या लेव्हरकुसेनला घरी पाठवलं. फायनल स्टुटगार्टकडून 4-2 ने गेली, पण तिसरी लीग जिंकून आम्ही वर चढलो. (‘आम्ही’ कधीपासून म्हणायला लागलो कोण जाणे.)

ही तिसरी लीग 2008 ची. 20 क्लब, पहिले दोन थेट वर, तिसरा दुसऱ्या लीगमधल्या सोळाव्याशी भिडतो, शेवटचे चार खाली. बायर्न म्युनिक या बड्या क्लबचा राखीव संघ 2020 मध्ये पहिला आला तरी तिथेच राहिला, कारण राखीव संघांना वर चढता येत नाही. सगळं गोडच आहे असंही नाही. म्युनिकच्याच ट्युर्कग्युचू क्लबचं 2022 मध्ये भर हंगामात दिवाळं निघालं, त्याचे निकालच पुसले गेले.

तरी मी तावातावाने लिहिलं, ‘ढकला खाली!’ त्यावर खारघरला पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या मित्राने विचारलं, ‘खाली म्हणजे कुठे रे?’

मला उत्तर सुचेना. इथे चौथ्या पायरीवर पाच प्रादेशिक लीग, त्यांच्याखाली आणखी पायऱ्या, थेट आमच्या घरामागच्या मैदानापर्यंत. आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने झाले, 2022 मध्ये मुलींची फायनल. आणि त्याच नवी मुंबईत, घणसोलीत व्हायचं क्रीडासंकुल शंभरेक किलोमीटरवर माणगावकडे न्यायचा घाट सरकारने घातला होता! 2024 मध्ये हायकोर्टाने तो रद्द केला म्हणून बरं.

मित्र रविवारी सकाळी सहाला मैदान धरतो, कारण आठला क्रिकेटवाले येतात. त्याच्या प्रश्नावर ग्रुपवर कोणी बोललं नाही. मालकांवरचं भांडण मात्र तिकडच्या रात्री दोनपर्यंत चालू होतं.